नारदाची वीणा

सांगली,
रविवार, रात्री साडेदहा

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

खोका हातात आला की आधी हे पत्र वाच, मग सुतळी सोड. फोनवर सांगायला लागलो की तू "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि फोन ठेवल्यावर नेमकी उलटी वायर जोडून मोकळी होतेस. म्हणून लिहून देतोय.

प्रदर्शनातल्या तुझ्या तानपुरा वाजवणाऱ्या रोबोसाठी मागितलेलं सगळं दिलंय, एक सोडून. चंदेरी स्प्रेचे दोन डबे दुकानात होते, ते मुद्दाम ठेवून घेतलेत. का ते पुढं सांगतो.

मोटार वायपरची आहे, बारा व्होल्टची. सहा उघडल्या, त्यातली हीच कार्बनला धड निघाली. नवीन ग्रीस भरलंय. आत वर्म गिअर आहे, त्यामुळं करंट बंद असताना बाहेरून कितीही रेटा दिला तरी फिरत नाही, म्हणजे रोबोचा हात आपल्याच वजनानं लोंबकळणार नाही. दुसरा गुण तुला माहीत असेल. गाडीत मध्येच बटण बंद केलं तरी वायपरची पट्टी खाली येऊन झोपते ना, ती अक्कल या मोटारीतच असते. त्याची वायर वेगळी, तिला लाल चिकटपट्टी गुंडाळलीय. ती कापू नकोस.

आता स्पीड. हळू वायरीवर ही मिनिटाला साधारण ४५ फेरे घेते. तानपुऱ्याला एवढी घाई चालत नाही. म्हणून सायकलचं सामान टाकलंय. १८ दात्यांचं फ्रीव्हील वेल्डिंगनं गच्च केलंय, ते मोटारीवर बसव. ४४ दात्यांचं पुढचं चाक रोबोच्या आतल्या रुळाला लाव, मधे चेन. एका फेऱ्याला सव्वातीन सेकंद लागतील. त्याहून हळू करायचं ते कंट्रोलरच्या बटणावर कर, माझ्या कानाला पाच सेकंदांचा फेरा बरा वाटला. एक मात्र लक्षात ठेव. चेन लावलीस की थांबायच्या जागेची ती अक्कल वाया गेली, कारण जागा मोटारीला कळते, मोठ्या चाकाला नाही कळत. मोठ्या चाकावर एक लिमिट स्विच बसव, ठरल्या जागी आलं की करंट तोडणारा. कार्यक्रम संपल्यावर हात हवेत अर्धवट राहिला तर फार वाईट दिसतं, गं. मी भोगलंय ते.

रुळावर चार खुंट्या ठोकायच्या, चार तारांना चार. इथं तू चूक करणार म्हणून आधीच सांगतो. कॉम्पासनं चार सारखे भाग पाडू नकोस. पंचमाला, म्हणजे पहिल्या तारेला, मधलं बोट लागतं, मग जोडीच्या दोन तारा आणि खर्ज तर्जनीनं. खर्जाची आस, म्हणजे मागं रेंगाळणारा सूर, जरा मुरू द्यायची, मग परत पंचम. सारख्या अंतरावर ठोकल्यास तर तानपुरा नाही, भिंतीवरचं घड्याळ वाजेल.

तार छेडणाऱ्या नखाला प्लॅस्टिक नको, टणटण येते. नमदा लावून पाहिला, तर तार मुकी झाली. शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा दुहेरी घडी करून लावला तेव्हा बोटाच्या मांसाच्या जवळपास काहीतरी आलं. तसे आठ तुकडे कापून दिलेत.

आता स्प्रे. तू काढलेलं रोबोचं चित्र पाहिलं. सगळं अंग चंदेरी, छातीवर दिवे, डोळे लाल. हे रूप कुठून आलं असं मलाच कुतूहल वाटलं म्हणून वाचनालयात जाऊन बसलो (तुझी आई म्हणाली, दुकान सोडून हे काय). तर 'रोबो' हा शब्द एका नाटकातून आला, चेक लेखक कारेल चापेक याचं, १९२० सालचं. आणि शब्द त्याला सुचलाही नव्हता, सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं, आणि तो होता चित्रकार! म्हणजे तुमच्याच जातकुळीतला. त्यांच्या भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. आपल्याकडची वेठबिगार तीच. आणि गंमत म्हणजे त्या नाटकातले रोबो पत्र्याचे नाहीतच, माणसासारखेच दिसणारे, कृत्रिम मांसाचे. चकाकतं धातूचं अंग लोकांच्या डोळ्यांत भरलं ते १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' सिनेमातल्या यंत्र-बाईमुळं. आता तीही धातूची नव्हती. एका शिल्पकारानं लाकडाच्या लुगदीसारख्या मसाल्यातून नटीच्या अंगावर बेतून तो पोशाख घडवला आणि वरून रंग मारला. आपल्या गणपतीच्या देखाव्यातल्या गदा-मुकुटांचं तेच तर करतो आपण.

म्हणजे चंदेरी रंग हा दुसऱ्या कुणाच्या तरी देखाव्याची नक्कल. तुझ्या रोबोचं अंग गंजक्या मडगार्डचं आहे, कुपवाडच्या भंगारातलं. त्याला तसाच राहू दे. फार तर खोबरेल चोळ.

आणि देखाव्याचाच विषय निघाला म्हणून. तू दुसरीत होतीस, आपल्या मंडळाचा नारद आठवतो? ढगावर उभा, गळ्यात वीणा, उजवा हात तारांवर वरखाली. याच जातीची मोटार होती त्याला, क्रँक आणि सळई माझी. आवाज मात्र स्टेजमागच्या सीडीचा. तिसऱ्या रात्री सीडीला ओरखडा गेला आणि नारद "नारा-नारा-नारा" करत अडकला. रस्ताभर हशा. कुणीतरी घाईत स्पीकरची वायर उपटली. आवाज गेला, पण मोटार वेगळ्या लायनीवर. सगळं गप्प, आणि नारदाचा हात आपला वर-खाली, वर-खाली. तू माझ्या खांद्यावर होतीस. म्हणालीस, "बाबा, तो वाजवतोय तर ऐकू का येत नाही?"

मी म्हणालो, बिघडलंय.

बिघडलं काहीच नव्हतं, मनू. त्याच्या वीणेला तारच नव्हती, नायलॉनची दोरी होती. पंधरा वर्षं देखावे करताना लोकांनी शिट्ट्या मारल्या, बक्षिसं मिळाली, पण हात एकीकडं आणि आवाज दुसरीकडं, हे मला त्या रात्रीनंतर कायम खुपत राहिलं. तुला कधी बोललो नाही.

स्वित्झर्लंडमध्ये जाके-द्रो नावाच्या घड्याळजी घराण्यानं १७७४ पर्यंत तीन यांत्रिक बाहुल्या पुऱ्या केल्या. त्यातली एक वादक बाई. आतून कुठली पेटी वाजत नाही, तिची बोटं खरोखर पट्ट्या दाबतात तेव्हाच सूर निघतो. छाती श्वास घेतल्यासारखी हलते. नशातेलच्या संग्रहालयात ती अजून चालवून दाखवतात. अडीचशे वर्षांपूर्वी त्यांनी आवाज आणि हात एका जागी आणले आणि मी मात्र सीडी लावत होतो. आपल्याकडंही विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्या केल्या होत्या, इथंच सांगलीत, पण त्यांना दोरी धरणारा माणूस लागायचा. ती गोष्ट वेगळी.

परवा तुझ्या भोपळ्यासाठी मिरजेला गेलो. सतारमेकर गल्लीत एका कारखान्यात बसलो तासभर. एक चाचा तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस मारत होते. दोनदा घासायचं, फुंकर मारायची, तार छेडायची, परत दोनदा घासायचं. मला काही फरक कळेना. मग त्यांनी तार आणि घोडीच्या मधे साध्या सुताचा तुकडा सरकवला आणि अंगठ्यानं केसभर, केसभर पुढं ढकलत गेले. तार नुसती टंग टंग करत होती. अचानक, काही न बदलता, तिच्यातून दुसरा एक आवाज उठला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, आणि माझ्या मांडीखालची फळी गुणगुणायला लागली. "लागली जवारी," चाचा म्हणाले आणि चहा सांगितला.

घोडीचा माथा जरासा गोलावलेला असतो, थरथरताना तार त्याला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते, त्यातून तो गुंजारव निघतो. सूत फक्त तो स्पर्श कुठं व्हायचा ते ठरवतं. समजायला एवढंच, पण हातात यायला त्यांना चाळीस वर्षं लागली म्हणे. यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारींचं काम सरलं तसे एकोणिसाव्या शतकात सतारीकडं वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांनी कागद दाखवला नाही, मीच विचारलं तेव्हा नुसती मान हलवली.

त्यांना तुझ्या रोबोचं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी विचारलं, "तानपुऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी मिळते की. तिला हात नाहीत, तरी वाजते. मग पोरगी हात कशाला करतीय?" मला उत्तर सुचलं नाही. येताना वडाप रिक्षात सुचलं, पण तेव्हा ऐकायला शेजारी फक्त कोथिंबिरीच्या गड्ड्या होत्या. लोकांना तो हात तारेजवळ जाताना बघायचा असतो. तार छेडायच्या आधीचा तो क्षण पेटीत नाही.

चाचांनी सुताची एक गुंडी दिली, पैसे घेतले नाहीत. काडेपेटीत ठेवलीय. सूत सरकवायचं काम रोबोला जमणार नाही, तुझ्या प्रदर्शनाचे तीन दिवस ते तुलाच करावं लागेल, हवा बदलली की परत. पुण्यात पाऊस असेल तर जास्तच.

भोपळा पंढरपूरकडचा आहे, तडकलेला, म्हणून स्वस्तात मिळाला. तू त्याचं रोबोचं डोकं करणार म्हणालीस. कर बापडे, पण भोपळ्याचा धर्म पोटाचा आहे. सध्या आईनं त्याच्या पोटात भडंगाची पिशवी कोंबलीय. ती आधी काढ, नाहीतर जवारीच्या जागी शेंगदाणे वाजतील.

नारद अजून माळ्यावर आहे. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा दुकानातलं सगळं बुडालं, तो तेवढा वाचला. हाताची सळई गंजलीय, बाकी ठीक. मंडळाची पोरं विचारत होती, यंदा काढायचा का. मी काही बोललो नाही. तुझ्या रुळाचं माप आणि खुंट्यांमधली अंतरं कागदावर काढून पाठव, आणि वीणेला तारा कुठल्या नंबरच्या लागतील ते कळव, मिरजेला परत जावं लागेल.

तुझा
बाबा