घडाघडा वाचणं म्हणजे हुशारी?

दुसरी-तिसरीतल्या मुलांची वाचनपातळी तपासायची आणि त्याच आकड्यावरून प्रज्ञावान मुलांच्या वर्गाची यादी करायची, हा प्रकार शिक्षिका म्हणून मला खटकतो. चाचणी वाईट नाही. मुलाला समोर बसवून उतारा वाचून घ्यायचा, चुका टिपायच्या, लागलेला वेळही मोजायचा. शंभरातले ९५ शब्द बरोबर आले तर ते पुस्तक त्याला एकट्याने वाचता येईल, ९० च्या खाली गेले तर झेपणार नाही, असा साधारण ठोकताळा. पुस्तक निवडायला उत्तमच. पण बुद्धी मोजायला?

माझ्या वर्गात एक मुलगी उतारा घडाघडा वाचते. ‘कोल्हा का पळाला?’ विचारलं की गप्प. तिच्या शेजारचा मुलगा ओळीवर बोट ठेवून वाचतो, प्रत्येक जोडाक्षरापाशी अडखळतो आणि मध्येच मान वर करून म्हणतो, ‘‘बाई, पण कोल्ह्याला हे आधीच कसं कळलं?’’ घड्याळाच्या हिशेबात हा प्रश्न म्हणजे वाया गेलेले सेकंद!

१९२१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियात बुद्धिमान मुलं बुद्ध्यांक चाचणीने निवडायला घेतली. त्या चाळणीतून गळलेल्या विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ यांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. (निकाल पाहून हिरमुसलेल्या पालकांनी हे कात्रण जपून ठेवावं.)

यादी करायचीच असेल तर ती दरवर्षी नव्याने करा आणि त्यात वर्गशिक्षकांचं मतही धरा.

– एक प्राथमिक शिक्षिका