सायकल वारी : शनिवारी निघणाऱ्यांसाठी आठवण

राम कृष्ण हरी, मंडळी!

शनिवारी पहाटे ४ वाजता हडपसरहून निघायचे आहे. यवत, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णीमार्गे पंढरपूर, अंतर सुमारे २१० किमी. पालख्यांचे प्रस्थान अजून व्हायचे असल्यामुळे रस्ता मोकळा मिळेल. ज्येष्ठातला पश्चिमेचा वारा बहुधा पाठीशी असतो, तेवढी पांडुरंगाची कृपा.

हेल्मेट, पुढचा दिवा आणि मागचा लाल दिवा नसेल तर हडपसरहूनच परत पाठवले जाईल. यात गयावया चालणार नाही. सोलापूर महामार्गावर ट्रक जोरात असतात, त्यामुळे डाव्या कडेने एकामागे एक चालवा. गप्पा भिगवणच्या नाश्त्याला. दोन जादा ट्यूब आणि पाण्यात घालायला मीठ-साखर जवळ असू द्या. उपवास धरून एवढे अंतर कापू नका, विठोबा रागावत नाही.

सर्वात हळू चालणाऱ्याचा वेग तोच दिंडीचा वेग. ॲपवर विक्रम नोंदवायचा असेल त्यांनी दुसरा दिवस निवडावा. पंक्चर झाले की जवळचे दोघे थांबतील, बाकीचे पुढच्या चहाच्या टपरीवर. पहिला तास हरिपाठ म्हणत जाऊ. ज्यांना नको त्यांनी गप्प चालवले तरी तोही जपच. मात्र कानात इअरफोन कोणीही घालायचे नाहीत.

पदस्पर्शाच्या रांगेला फार वेळ लागतो, म्हणून चंद्रभागेत पाय धुऊन नामदेव पायरी आणि कळसदर्शन. परतीला सायकली टेम्पोत. पेडल सोडवायला १५ नंबरचा पाना आणा.

नावे गुरुवारी रात्रीपर्यंत कळवा.