तू झोप, मी बसतो

चि. बाळास,

प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईच्या आजारपणात शिणलेल्या मित्राला धीर द्यायला गेलास, पवित्र शास्त्रातलं वचन सांगितलंस, प्रार्थना केलीस, आणि तो एवढंच म्हणाला, "हे सगळं मला माहीत आहे रे." तेव्हापासून तो फोन उचलत नाही, हे तुझ्या मनाला लागलंय. तुझ्या बोलण्यात खोट नव्हती, बाळा. फक्त तू जरा लवकर बोललास.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट लहानपणी तू मला घडाघडा सांगायचास, पण कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला तिथपर्यंतच. मला या वयात त्याच्या पुढचा अध्याय जवळचा वाटतो, १ राजे या पुस्तकाचा १९ वा. ईजबेल राणीची धमकी आली आणि तोच एलीया जीव घेऊन पळाला. रानात दिवसभराची वाट चालून एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देव त्याला रागावला नाही. त्याला झोप लागली होती. देवदूताने हात लावून उठवलं, तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो जेवला आणि पुन्हा आडवा झाला. देवदूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. त्या अन्नाच्या बळावर तो ४० दिवस आणि ४० रात्री चालून होरेब डोंगराला पोचला, आणि मग कुठे देवाने त्याला विचारलं, तू इथे काय करतोस?

यातली एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. एलीया आपलं गाऱ्हाणं सांगतो. त्यानंतर वारा, भूकंप, अग्नी, आणि शेवटी ती मंद वाणी. देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि एलीया तेच गाऱ्हाणं जवळजवळ शब्दाला शब्द पुन्हा सांगतो. एवढं सगळं पाहूनही! शिणलेलं माणूस असंच तेच तेच बोलतं रे. देवाने ते दोन्ही वेळा ऐकून घेतलं, 'हे मघाशीच सांगितलंस' असं म्हटलं नाही. मग त्याला काम दिलं, इस्राएलात अजून ७,००० जण बआल दैवतापुढे न वाकलेले आहेत हे सांगितलं, आणि सोबतीला अलीशा हा शिष्य दिला.

तुझी आई अंथरुणाला खिळली होती ते वर्ष तुला आठवत नसेल, तू चार वर्षांचा होतास. दिवसा नोकरी, रात्री तिच्या उशाशी जागरण. चर्चच्या मंडळीतली माणसं यायची. एकाने मला सांगितलं, ही परीक्षा आहे, विश्वास वाढवा. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण मी त्या रात्री प्रार्थनाच केली नाही. करवलीच नाही. आणखी एक वयस्क गृहस्थ होते, फारसं न बोलणारे. दर गुरुवारी रात्री यायचे, चपला दाराशी काढायचे आणि म्हणायचे, "तू झोप, मी बसतो." पहाटे मला जाग यायची तेव्हा ते खुर्चीत बसलेले असायचे, मांडीवर पवित्र शास्त्र मिटलेलं. मला त्यांनी एकदाही वचन वाचून दाखवलं नाही. पुढे कितीतरी महिन्यांनी मीच त्यांना म्हटलं, काहीतरी वाचा. तेव्हा त्यांनी मत्तयाचा अकरावा अध्याय उघडला, प्रभू कष्टी आणि ओझ्याखाली दबलेल्यांना आपल्याकडे बोलावतो तो भाग. मी रडलो. वचन तेच होतं, लहानपणापासून पाठ असलेलं.

सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रही ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. तोंड उघडलं तिथून त्यांचं बिघडलं.

तेव्हा पुन्हा जा. फोनवर नको, समोर जा. "काही लागलं तर सांग" असं म्हणू नकोस, मागायलाही त्राण लागतं. काय करायचं ते बघ आणि कर. त्याच्या आईजवळ दोन तास बस, त्याला बाहेर जाऊ दे किंवा झोपू दे. तो देवावर चिडून बोलला तर देवाची बाजू मांडायला धावू नकोस. स्तोत्रांमध्ये त्याहून कडू बोल आहेत आणि ते देवासमोरच बोललेले आहेत. प्रार्थना मात्र सोडू नकोस, घरी येऊन कर, त्याचं नाव घेऊन कर. त्याने विचारलं तर त्याच्यासोबतही कर, अगदी थोडक्यात.

आणि एकट्याने सगळं अंगावर घेऊ नकोस. लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात थकले तेव्हा अहरोन आणि हूर असे दोघे लागले, दोन बाजूंनी हात धरायला. मंडळीतल्या आणखी एकाला विचार, वार वाटून घ्या.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की अलीकडे तुलाही रात्री डोळा लागत नाही. एका ओळीत लिहून पुढे गेलास, पण मी तिथेच थांबलो. किती दिवस झाले? जेवतोस का वेळेवर? खरं काय ते कळव. शुक्रवारी रात्री मी गाडीत बसतोय. काही बोलायलाच हवं असं नाही.

तुझे,
बाबा