‘साओ जोसे’च्या लोखंडी ठोकळ्यांना दोन ओळीही नाहीत?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत ‘साओ जोसे’ या १७९४ मध्ये केपटाउनजवळ फुटलेल्या, गुलाम वाहून नेणाऱ्या पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांवर अख्खे पान दिलेत, याबद्दल आभार. पण लेखाचा शेवट वाचून स्वस्थ बसवेना. ‘लोखंडाचे ठोकळे आणि लाकडाचे काही तुकडे वगळता मौल्यवान असे काहीच हाती लागले नाही’, असे आपल्या लेखकाने बिनदिक्कत लिहिले आहे. या जहाजातून त्या ठोकळ्यांपेक्षा मोलाचे काही निघालेले नाही आणि निघण्याची गरजही नाही. वॉशिंग्टनमध्ये २०१६ साली उघडलेल्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाने हेच ठोकळे केपटाउनच्या इझिको संग्रहालयांकडून उसने घेऊन मांडले, ते काय भंगार म्हणून?

ते ठोकळे म्हणजे जहाजाचे नीरम. जहाज पाण्यात ताठ राहायचे तर तळाशी वजन हवे. साखर, मीठ, धान्य भरले की माल स्वतःच ते काम करतो. माणसे भरली की तसे होत नाही. चार-पाचशे माणसांचे वजन फार तर पंचवीस-तीस टन, आणि तेही तळाशी नसते, मधल्या मजल्यावर असते. शिवाय हा माल हलतो आणि वाटेत घटतो. पाण्याची पिंपे रिकामी होत जातात, शिधा संपतो, माणसे मरतात आणि त्यांना समुद्रात फेकले जाते. जहाज दिवसेंदिवस हलके आणि वरून जड होत जाते. मग वाऱ्याच्या एका झोतात ते कलंडायला वेळ लागत नाही. यावर उपाय म्हणजे तळात कायमचे, न हलणारे वजन. दगड घालता येतो, पण लोखंड दगडाच्या जवळजवळ तिप्पट जड, म्हणजे तेवढेच वजन एक तृतीयांश जागेत बसते. वाचलेली जागा पिंपांना आणि माणसांना.

‘साओ जोसे’ २७ एप्रिल १७९४ रोजी लिस्बनहून निघाले तेव्हा त्यात असे १,४०० हून अधिक लोखंडी ठोकळे चढवल्याची नोंद पोर्तुगालच्या दफ्तरात सापडली. तारीख पुन्हा पाहा. मोझांबिक बेटावर एकही माणूस विकत घेण्याआधी कित्येक महिने, लिस्बनच्या धक्क्यावरच पुढे भरायच्या ‘मालाचा’ हिशेब झालेला होता. ही गोष्ट दुसरी कोणती वस्तू इतक्या स्पष्टपणे सांगू शकते?

लोखंडी नीरम युद्धनौकांमध्येही असायचे, त्यामुळे एकट्या ठोकळ्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही हे मान्य. म्हणूनच ओळख कशी पटली हे सांगणे आवश्यक होते, आणि नेमके तेच लेखातून गायब आहे. १९८०च्या दशकात खजिना शोधणाऱ्या मंडळींना केपटाउनजवळ क्लिफ्टनच्या किनाऱ्यालगत हे अवशेष दिसले. त्यांनी ते ‘साओ जोसे’च्या आधीच्या एका डच जहाजाचे ठरवून टाकले आणि ती चूक पुढे वर्षानुवर्षे तशीच राहिली. ती उघडी पडली तांब्यामुळे. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यापासून बचाव म्हणून जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा मारण्याची पद्धत १७८०च्या सुमारास रुजली. सुरुवातीला पत्रा तांब्याचा आणि आतले बोल्ट लोखंडाचे, असा प्रकार होता. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की त्यांची बॅटरी होते आणि लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. बोल्ट झिजून फळ्या सुटू लागल्यावर बोल्टही तांब्याचे आले. क्लिफ्टनच्या अवशेषांत पत्राही तांब्याचा आणि बोल्टही. मग ते ही पद्धत येण्याआधीच्या त्या डच जहाजाचे कसे असेल?

पुढचा धागा मिळाला केपच्या दफ्तरखान्यात. कप्तान मान्युएल जुआंव परेरा याने जहाज फुटल्यावर दोन दिवसांत डच अधिकाऱ्यांपुढे दिलेली जबानी तिथे होती. मोझांबिकमध्ये एका स्थानिक शेखने याच जहाजाच्या कप्तानाला माणूस विकल्याची नोंद मिळाली. समुद्रातून बेड्यांचे अवशेष आले. कागद आणि धातू असे एकमेकांना जुळले, तेव्हा २०१५ मध्ये जहाजाचे नाव जाहीर झाले. यातला एकही टप्पा आपल्या पानावर नाही.

‘एवढ्या वर्षांत अवशेष वर का काढले नाहीत?’ असाही सवाल लेखात आहे. जागा किनाऱ्यापासून जेमतेम शंभर मीटरवर, दोन खडकांच्या मध्ये आहे. पाणी उथळ असल्याने लाटेचा उसळा थेट तळापर्यंत पोचतो आणि पाणबुड्याला पुढेमागे फेकतो. शोषक नळीने दिवसभर वाळू उपसावी, तर समुद्र ती पुन्हा भरून टाकतो. आणि खरी अडचण वर काढल्यानंतर सुरू होते. दोनशे वर्षे समुद्रात पडलेल्या लोखंडात क्षार आतपर्यंत मुरलेले असतात. ते उघड्यावर सुकू दिले की क्षार, हवा आणि ओल मिळून आतून नवा गंज धरतो, पापुद्रे सुटतात, आणि शाबूत दिसणारा ठोकळा काही महिन्यांत भुगा होतो. म्हणून वस्तू पाण्यातून पाण्यातच जाते. आधी कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात बुडवून ठेवायची, मग कमी दाबाचा वीजप्रवाह सोडून क्षार बाहेर ओढायचे, द्रावणातले क्लोराइड मोजत राहायचे, वाढले की द्रावण बदलायचे. जाड ठोकळ्याला यात वर्षे जातात. त्यानंतर धुणे, वाळवणे, टॅनिक ॲसिडचा हात आणि शेवटी मेणाचा थर.

बेड्यांचे काम त्याहून नाजूक. गंज, वाळू आणि शिंपल्यांचा चुना मिळून त्यांच्याभोवती दगडासारखा गोळा तयार होतो. वरून पाहिले तर तो खडकाचा तुकडाच वाटतो. हातोडी मारली की सगळे संपले, कारण अनेकदा आतले लोखंड विरघळून गेलेले असते आणि उरते ती बेडीच्या आकाराची पोकळी. आधी क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन करायचा, पोकळी असेल तर तीत इपॉक्सी ओतायचे, आणि ते घट्ट झाल्यावरच वरचे कवच फोडायचे. ‘साओ जोसे’च्या बेड्या अशा स्कॅनमध्येच ओळखू आल्या. ज्यांच्याकडे टाक्या, वीज आणि पुढच्या दहा वर्षांचा खर्च तयार नाही, त्यांनी वस्तू वाळूखालीच ठेवाव्यात, हाच शहाणपणा आहे. त्याला दिरंगाई म्हणणे अन्याय आहे.

आणखी एक वाक्य फार खटकले: ‘सुदैवाने निम्मे लोक बचावले’. २७ डिसेंबर १७९४ रोजी जोराच्या वाऱ्यात जहाज खडकावर आपटले. कप्तान आणि खलाशी वाचले, २१२ आफ्रिकी माणसे बुडाली. उरलेल्यांना पाण्यातून बाहेर काढले आणि केपमध्येच पुन्हा विकले. हे आपल्या लेखात का नाही? बचावले एवढेच लिहून थांबल्याने वाचकाची समजूत काय होते, याचा विचार व्हायला हवा होता.

पानावरचे मोठे चित्रही ‘साओ जोसे’चे नाही. दाटीवाटीने आडवी मांडलेली माणसे दाखवणारा तो आराखडा लिव्हरपूलच्या ‘ब्रूक्स’ या इंग्रजी जहाजाचा आहे. तो १७८८ मध्ये प्लिमथच्या गुलामीविरोधी समितीने छापला आणि कायद्याने या जहाजाला ४५४ माणसे नेण्याची परवानगी होती. चित्राखाली ‘साओ जोसेचा अंतर्भाग’ असे छापणे चुकीचे आहे. गुलामांच्या व्यापाराचा विषय निघाला की प्रत्येक जहाजाला हेच चित्र चिकटवण्याची सवय आता सुटायला हवी.

शेवटी चौकटीतला मजकूर: ‘भारताचा या व्यापाराशी संबंध नव्हता’. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. त्यानंतरही मोझांबिक बेटावरचा कापडाचा व्यापार दीव-दमणच्या गुजराती व्यापाऱ्यांच्या हातात होता. आफ्रिकेच्या आतल्या भागात कापड हेच चलन. हस्तिदंत त्यावर मिळे आणि माणसेही. मोझांबिकहून आणलेली माणसे गोव्याच्या घरांत राबत होती. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, हे तर शाळेत शिकवले जाते. मुरगावजवळ सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तपासलेल्या सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज अवशेषांत हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दातही मिळाले आहेत. पाणघोडा आफ्रिकेचा. ते जहाज गुलामांचे होते असा दावा कोणी करू नये, पण आफ्रिकेच्या किनाऱ्याशी गोव्याचा व्यवहार किती जवळचा होता, ते त्या दातांवरून दिसते. अशा उथळ जागी हौशी पाणबुडे वस्तू उचलून नेतात, आणि नोंद न करता उचललेली वस्तू नंतर काहीच सिद्ध करू शकत नाही. क्लिफ्टनला ८०च्या दशकात झालेली चूक आपल्या किनाऱ्यावर होऊ नये, म्हणून तरी यावर एक स्वतंत्र लेख द्या.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. चित्राखालची ओळ, चौकटीतले वाक्य आणि ठोकळ्यांविषयीचा शेरा, हे तिन्ही दुरुस्त व्हावेत. जागा कमी असेल तर माझ्या पत्रातला तांब्या-लोखंडाचा भाग खुशाल कापा. २१२चा आकडा आणि वाचलेल्यांची पुन्हा विक्री झाली ही ओळ मात्र कापू नका.

आपला,
एक नियमित वाचक, वास्को