आधी नाल्याचे पाइप मोजा

संपादक महोदय,

वीस एकर शेतावर होणाऱ्या नव्या गृहसंकुलाच्या वादावर कालच्या अंकात अर्धे पान आले. मजले, झाडे, ट्रॅफिक, सगळ्यांवर दोन्ही बाजू बोलल्या. पावसाचे पाणी कुठून जाणार, यावर मात्र एक ओळ नाही. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूर इतक्यात विसरले? अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठची घरे झोपेत बुडाली.

हिशेब साधा आहे. एका एकरावर 100 मिमी पाऊस म्हणजे चार लाख लिटर पाणी. संकुलाच्या वीस एकरांवर ऐंशी लाख. आज तिथे शेत आहे, धुरे (शेताचे बांध) पाणी अडवतात. तासाला 60 मिमीची सर आली तर तिथून सेकंदाला साधारण अर्धा घनमीटर पाणी निघते. स्लॅब, सिमेंट रस्ते आणि पेव्हर आले की तेच एक घनमीटरच्या वर जाते. खालच्या ले-आउटजवळ नाल्यावर 900 मिमीचे दोन ह्यूम (सिमेंटचे) पाइप आहेत. पाइप साफ असला तर एका पाइपातून सेकंदाला जेमतेम सव्वा घनमीटर जाते. म्हणजे एक पाइप या संकुलालाच लागणार. दुसऱ्यात वरच्या सगळ्या वस्त्यांचे पाणी, आणि तो गाळ, थर्माकोल नि पन्न्यांनी अर्धा बुजलेला. मग पाणी रस्त्यावर चढते, तिथून घरात शिरते.

शोषखड्डे करू, असे बिल्डर सांगतात. काळ्या मातीत चार फुटांचा खड्डा कामाचा नाही. दोन-तीन पावसांत माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच उभे राहते. खड्डा काळी माती ओलांडून मुरमात उतरला पाहिजे. तळाला बोल्डर, त्यावर गिट्टी, वर जाड वाळू, आणि पाणी आत येण्याआधी गाळ बसायला वेगळी टाकी. वरची वाळू दर मे महिन्यात काढून धुवावी लागते, नाही तर दोन वर्षांत खड्डा चोंदतो. हे काम कोणाचे, ते मंजुरीच्या अटीतच लिहून घ्या.

सांडपाण्याचेही तेच. हजार सदनिका, घरटी पाच माणसे, माणशी 135 लिटर धरले तर रोज पावणेसात लाख लिटर पाणी लागेल आणि पाच लाखांवर लिटर गडरमध्ये जाईल. शुद्धीकरण यंत्रात हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला की तेही याच नाल्यात.

म्हणून मनपा आणि नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) यांना कळकळीची विनंती: नाल्याच्या तळाची, पाइपांची आणि खालच्या घरांच्या जोत्यांची लेव्हल घ्या, नाल्याची निळी (25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा नकाशावर आखा आणि तो नकाशा संकुलाच्या मंजुरीच्या सुनावणीआधी लोकांसमोर लावा.

आणखी एक. जुना डांबरी थर न खरडता त्यावर सिमेंटचा रस्ता ओतणे आता तरी थांबवा. दर वेळी रस्ता सात-आठ इंच वर येतो आणि जोते रस्त्याखाली जाते. अशा घरात पाणी शिरायला पुराचीही गरज उरत नाही.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, नागपूर