"एकाच पायात जोडवं का?"

आदरणीय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

मी कळव्याची. गेल्या श्रावणात नौपाड्यातल्या तुमच्या दवाखान्यात कोपरांवरचे चट्टे दाखवायला आले होते. सोरायसिस १२ वर्षांचा जुना. मलम लिहून द्याल, पाच मिनिटांत सुटका, एवढीच अपेक्षा. तुम्ही मला चपला काढायला लावल्यात आणि विचारलंत, "एकाच पायात जोडवं का?"

दुसरं सोनाराकडून कापून घेतलं होतं. बोट मुळापासून टोकापर्यंत गाजरासारखं सुजलेलं. एका डॉक्टरांनी मुका मार म्हटलं. दुसरीकडे रक्ताच्या तपासणीत संधिवाताची खूण, म्हणजे आरए फॅक्टर, निगेटिव्ह आला, म्हणून संधिवात नाही असा निकाल लागला. टाच दुखते ती स्टेशनच्या जिन्यांमुळे आणि सकाळी हात आखडतात ते वयामुळे, हे माझं मीच ठरवून टाकलेलं. मोदकाच्या कळ्या पडेनात तेव्हा साचा आणला, झालं!

तुमचे प्रश्न पाचच. सांधा कधी सुजलाय? संधिवात आहे असं कुणी डॉक्टर म्हणालेत? नखांवर खळगे आहेत? टाच दुखते? अख्खं बोट विनाकारण सुजलं होतं? तीन 'हो' आले की संधिवाततज्ज्ञांकडे पाठवायचं. माझे चार आले. सोरायसिसच्या १०० पेशंटांत साधारण २० ते ३० जणांना हा संधिवात गाठतो, बहुतेकदा चट्ट्यांनंतर काही वर्षांनी, आणि त्यात आरए फॅक्टर बहुधा निगेटिव्हच येतो, हे मला तेव्हा कळलं.

मग तुम्ही ह्यांना बाहेर बसायला सांगितलंत. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच रस वाटला नाही? किती दिवस उदास वाटलं? मी म्हटलं, "तसं काही नाही हो." तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि गप्प बसलात. (हे कॉलेजात शिकवतात का?) मग माझं तोंड सुटलं. हळदीकुंकवाला जाणं सोडलं होतं, कारण हात पुढे केला की समोरचीचं बोट क्षणभर थबकतं. हे लागट नाही, असं किती जणींना सांगत बसणार? त्या दोन प्रश्नांत ६ पैकी ५ गुण पडले; गुण जितके जास्त, तितकी नैराश्याची शंका जास्त. शाळेत कधी एवढे मिळाले नव्हते. पुढच्या मोठ्या फॉर्ममध्ये तर, जगणं नकोसं वाटतं का, हेही तुम्ही भूक लागते का विचारावं तसं विचारलंत. म्हणून खरं सांगता आलं.

आता संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी दर रविवारी. रोज घ्यायची नाही, आठवड्यातून एकदाच, हे तुम्ही ह्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलंत. बोटाची सूज उतरलीय, पूर्ण नाही. चट्टे आहेतच. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं चालू आहे. संक्रांतीला दोन घरी जाऊन आले, तिसऱ्या दारावरून परतले.

पुढच्या खेपेला ऐरोलीची मामेबहीण बरोबर आणतेय. तिलाही सोरायसिस आहे. टाच दुखते, पण चपलेमुळे म्हणते. तिलाही चपला काढायला लावा.

तुमची,
कळव्याची पेशंट