आकडा छापलात, आता कामही छापा

महोदय,

आपल्या जिल्ह्यातून शिकून गेलेल्या एका कर्करोग संशोधकाची बातमी आपल्या अंकात वाचली. शोधनिबंध किती, उद्धरणे किती (म्हणजे इतर संशोधकांनी त्यांचे दाखले किती वेळा दिले), एच-इंडेक्स किती, सगळे ठळक अक्षरांत होते. खेड्यातल्या शाळेतला मुलगा इथवर पोचला याचा मला फार आनंद झाला. माझी उभी नोकरी अशाच शाळांत गेली. पण बातमी दोनदा वाचूनही त्यांनी कोणत्या कर्करोगावर काम केले आणि त्यातून काय हाती लागले, ते कळले नाही.

माझा धाकटा भाऊ वीस वर्षे खर्रा खात होता. पानठेल्यावर सुपारी-तंबाखू पन्नीत घोटून मिळणारा, आमच्याकडे शाळकरी पोरांच्या खिशातही सापडतो तोच. आधी त्याचे तोंड उघडेनासे झाले, मग गालाच्या आत जखम झाली, ती भरेना. नागपूरला ऑपरेशन ठरले तेव्हा डॉक्टर म्हणाले, मानेतल्या ग्रंथीही काढाव्या लागतील. मानेला हात लावून पाहिले तर गाठ लागत नव्हती. जिथे दुखणेच नाही तिथे चिरता कशाला, म्हणून आम्ही त्यांच्याशी भांडलो.

त्यांनी बसवून समजावले. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला होता. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात आहे, मानेत गाठ लागत नाही, अशा ५०० रुग्णांची तुलना त्यात होती. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या. दुसऱ्या गटात मानेत आजार दिसला तरच. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. म्हणजे शंभरामागे बारा-तेरा माणसे जास्त वाचली. हा निबंध २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. आम्ही सही केली. भाऊ आज शेतात जातो, बोलणे थोडे जड झाले आहे एवढेच. त्या निबंधाला किती उद्धरणे मिळाली हे आम्ही विचारले नाही, आणि विचारून आमचा निर्णय सोपा झालाही नसता.

मग एच-इंडेक्स म्हणजे काय, ते पुतणीकडून समजून घेतले. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप सुचवले. दहा निबंध असे की प्रत्येकाला निदान दहा उद्धरणे, तर इंडेक्स दहा. पण एखाद्याने आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि हजारो संशोधकांनी तो वापरला, तरी त्याचा इंडेक्स एकच राहतो. वय वाढेल तसा हा आकडा वाढतो, कमी कधी होत नाही. प्रयोगशाळेत पेशींवर काम करणारा आणि तोंडाच्या कर्करोगाचा सर्जन यांची तुलना त्यावरून करता येत नाही, कारण त्यांच्या क्षेत्रांत उद्धरणांचे प्रमाणच वेगळे.

शिवाय उद्धरण म्हणजे शाबासकी नव्हे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीच्या एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले: चाचणीच्या गटात ३४, तुलनेच्या गटात ६४. जगाने दखल घ्यावी असेच हे काम आहे. पण तुलनेच्या गटातल्या बायकांची तपासणी का केली नाही, असा आक्षेपही जाणकारांनी लेखी घेतला. कौतुकाने नाव घेणारा लेख आणि आक्षेप घेणारा लेख, दोन्ही मोजणीत सारखेच एकेक. मला तर तो आक्षेपच आधी वाचावासा वाटला. त्या चौसष्टजणी कुणाच्या तरी आया, बहिणी होत्या.

नियतकालिकाच्या आकड्यावरून त्यात छापलेल्या संशोधनाची किंमत ठरवू नये, असे शास्त्रीय नियतकालिकांच्या संपादक-प्रकाशकांनीच २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जमून लिहून ठेवले आहे. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांतल्या बढत्यांसाठी निबंध लागतात, म्हणून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही फोफावली. मोजदाद करताना त्यांची भरही त्यातच पडते.

संपादक महाराज, त्या संशोधकाशी पुन्हा बोला, ही विनंती. त्यांच्या एकाच निबंधाबद्दल विचारा, त्यांना स्वतःला जो सर्वांत मोलाचा वाटतो त्याबद्दल. आजार कोणता, रुग्ण कुठले, काय सापडले, उपचारात काय बदलले. अजून काही बदलले नसेल तर तेही छापा. पेशींवरच्या कामाला वेळ लागतो हे आम्हाला समजते. त्यांनी स्वतः मराठीत लिहून दिले तर फारच उत्तम. आमच्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात आपला अंक दुपारच्या एसटीने येतो. तो लेख मी पानठेल्यावर बसणाऱ्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवीन, भावाला शेजारी बसवून.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
आर्वी तालुका, जि. वर्धा